सुजाता ड्रम शिकली होती

“गिटारवर निखिल. रोज सहा तास बसतो हा.” पुण्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये तो गाणारा पोरगा माइकवरून ओळख करून देत होता. “बेसवर कौस्तुभ. चार वर्षं शिकलाय. आणि ड्रमवर आपली सुजाता, थेट इंदापूरहून! हिला काही शिकावंच लागलं नाही. हिचे आजोबा गावात हलगी वाजवायचे. वाजवणं हिच्या रक्तातच आहे!”

टाळ्या. शिट्ट्या. सुजाता माझी मुलगी. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. कान गरम झाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुजाता पुण्याला होस्टेलवर राहून शिकत होती. तिनं पत्र टाकलं की, मी एका ग्रुपमध्ये ड्रम वाजवते, ही मुलं सिनेमातली गाणी म्हणत नाहीत, स्वतःची लिहितात, तू एकदा बघायला ये. मी चौथी शिकलेली. पत्र दोनदा वाचलं. ‘वाजवते’ एवढंच डोक्यात राहिलं.

आमच्या घरात वाजवणं बंद होतं. माझा बाप गावच्या लग्नात हलगी वाजवायचा. मांडवाबाहेर, उन्हात. सगळे जेवून उठले की उरलेलं आमच्या टोपलीत पडायचं. धर्मांतर झालं त्या साली बापानं विळ्यानं हलगीचं कातडं फाडलं आणि चावडीवर सांगून आला, “आता आमी वाजवायला येणार न्हाय.” त्या वर्षी आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. कण्या खाऊन राहिलो. पण मरेपर्यंत त्यानं कशालाच वाजवायचं टिपरू लावलं नाही.

आणि माझी पोरगी पुण्यात जाऊन वाजवणार. तिला सामानासकट परत आणायची, असं ठरवूनच मी एसटीत बसले.

हॉलवर पोचले तर केस वाढवलेली पोरं, फाटक्या विजारी, जमिनीवर वायरींचा गुंता. सगळी गोड बोलत होती. मला गोड बोलणाऱ्यांची भीती वाटते. एकानं पाण्याची बाटली दिली. मी मुद्दाम तोंड लावून प्याले आणि परत दिली. बघत राहिले. त्यानं तीच बाटली तोंडाला लावली. गाणारा तो हाच. माझा संशय थोडा ढिला झाला.

मग स्टेजकडं बघितलं. तिघांच्या जागा पुढं, सुजाताची पार मागं, भिंतीला लागून.

“माज्या पोरीला मागं का बसवलंय?” मी त्यालाच विचारलं.

तो हसला. “काकू, ड्रमवाला मागंच असतो.”

“कुणी ठरवलं?”

“आई, सगळीकडं असंच असतंय गं,” सुजाता दबक्या आवाजात म्हणाली. “गप बस ना.”

मला खरं वाटलं नाही. आम्हाला मागं बसवणारे नेहमी म्हणतात, असंच असतं. पण सुजाताच्या ग्रुपच्या आधी दुसरा एक ग्रुप वाजवायला आला. त्यांच्यातला ड्रमवाला गोरापान, गळ्यात सोन्याची साखळी. तोही मागंच बसला. म्हणजे माझं चुकलं होतं. मी ते मनात कबूल केलं.

मग सुजाताचा ग्रुप आला. दोन गाणी झाली. गाणं कसलं, नुसता दणका. शब्द इंग्रजी. पण मी तिच्याकडं बघत होते. दोन्ही हात वेगळे, दोन्ही पाय वेगळे, घामानं अंग भिजलेलं. माझ्या बापाचा एकही ठेका त्यात नव्हता. कुठनं असणार? तिनं त्याला कधी वाजवताना बघितलंच नव्हतं. ती होस्टेलच्या उशीवर काठ्या मारून शिकली. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सरांकडं रोज सकाळी जाऊन शिकली, त्या बदल्यात त्यांच्या नातवांचं गणित घ्यायची. दोन वर्षं. हे तिनं पत्रातच लिहिलं होतं, ते मला आता आठवलं. त्या गाणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. आजोबांनी हलगी का फाडली, तेही तिनं त्याला सांगितलं होतं, असं पत्रात होतं. त्यानं तेवढं गाळलं.

त्यानं करून दिलेली ती ओळख ऐकली आणि टाळ्या थांबायच्या आत मी उभी राहिले.

“ए पोरा! रक्तात न्हाय. शिकलीय ती. दोन वरसं. ह्याचे सहा तास सांगितलेस, त्याची चार वरसं सांगितलीस, मग तिचीच का गिळलीस?”

मागून कोणीतरी म्हणालं, “बसा हो मावशी.”

“काकू, मी कौतुकच करतोय,” तो माइकवर म्हणाला.

“मग तुजं बी असंच कौतुक कर की. सांग, मी काय शिकलो न्हाय, बापाच्या रक्तावर गातोय.”

लोक हसले. तो हसला नाही. सुजाता काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत होती.

बाहेर आल्यावर ती माझ्यावर फिरली. “एवढ्या लोकांत आई? आता काढतील मला.”

“काढू दे.”

“तुला हेच पायजे होतं. मला न्यायला आलीस तू.”

“व्हय. न्यायलाच आले होते. आता न्हाय नेत. माज्या बापाला वाजवायला लावत होते, म्हणून त्यानं सोडलं. तुला कुणी लावलंय का?”

ती मला एसटीत बसवून निघून गेली. तीन महिने पत्र नाही.

त्यांनी तिला काढलंच. पुढच्या कार्यक्रमाला बोलावलं नाही, एवढंच. कुणी भांडलं नाही. ही माणसं भांडत नाहीत. मग तिनं दोन पोरी शोधल्या आणि स्वतःचा ग्रुप काढला. तेव्हा पत्र आलं.

आता मी म्हातारी झाले. ते गाणं मला अजून आवडत नाही. कान दुखतात. तरी मी जाते आणि पहिल्या रांगेत बसते. तिला बजावून ठेवलंय, आपली ओळख दुसऱ्या कुणाला करून देऊ द्यायची नाही. नाव, गाव, कुणाकडं शिकलीस, किती वर्षं शिकलीस, हे सगळं आपल्या तोंडानं सांगायचं. ते सांगून झाल्याशिवाय पहिली काठी पडता कामा नये.