सुतासारख्या भुवया

माझ्या थोरल्या जाऊबाई घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायच्या. एक खुर्ची, एक आरसा, पावडरचा डबा आणि दोऱ्याचं रीळ, बस्स. दोऱ्याचं टोक दातात धरून अशा सपासप भुवई कोरायच्या, की बाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत एक बाजू झालेली असायची. तेव्हा सुतासारख्या भुवयांची चलती होती. दाट भुवयांची कुणी आली की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "अगं बाई, कपाळावर सुरवंट पाळलेस की काय?" बाया फिदीफिदी हसायच्या. ती बिचारी मुकाट्याने खुर्चीत बसायची.

सासूबाईंच्या काळात तोंडाला पावडर फासली तरी नावं ठेवायचे. त्या म्हणायच्या, "देवानं दिलेलं उपटू नये गं."

"देवानं नखंही दिलीत, ती बरी कापता!" जाऊबाईंचं उत्तर तयार.

स्वतःच्या लेकीलाही जाऊबाईंनी तेराव्या वर्षापासून खुर्चीत बसवलं. पोर रडायची. तिचे हात धरायला मला बोलवायच्या. मी धरायचे.

दहा-बारा वर्षांत सगळं फिरलं. बाया भुवया दाट व्हाव्यात म्हणून तेल चोळू लागल्या. जाऊबाईंची खुर्ची रिकामी पडली. लेकीनेही तेलं चोळली, औषधं लावली. एक केस उगवेल तर शपथ. उपटून उपटून मुळंच मेली होती.

तिचं लग्न ठरलं तेव्हा जाऊबाईंचा एकच धोशा, "नवरीला मीच सजवणार. जन्मभर लोकांच्या पोरी नटवल्या, माझी नको नटवू?"

"आई, तू हात लावायचा नाहीस," लेक म्हणाली.

तरी लग्नाच्या सकाळी त्या आपली पेटी घेऊन आल्याच. ऐनवेळी हाक मारेल, ही आशा.

मेकअपवालीने नवरीचं कपाळ चाचपलं आणि पेन्सिलीने एकेक केस रेखायला घेतला. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या.

"भुवयांची पार वाट लावलीय हो. कुणी केलं हे?"

"होती एक बाई," नवरी आरशात बघत म्हणाली. "आमच्या गल्लीत."

मेकअपवालीने मान वळवली. "मावशी, नुसत्याच उभ्या आहात तर लाईट धरा जरा."

जाऊबाईंनी पेटी खाली ठेवली आणि लाईट धरला. 'ही आई आहे तिची,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

"हलवू नका हो," मेकअपवाली खेकसली, "सावली पडतेय."