लग्नाचा फोटो आहे का?

शर्टाच्या खिशातून बारीक जाळीदार नळी काढायची, डॉक्टरांच्या टेबलावर घरंगळत सोडायची आणि म्हणायचं, "दाबून पाहा साहेब. भांड्याचं स्टील आहे, नातवाले पुरते!" हसायचा तो एकटाच. असे विक्रेते तुम्हीही पाहिले असतील; देव करो, इतका निगरगट्ट पाहिला नसेल.

अकोल्यात मी एमआरआयचं मशीन चालवायचे. हा रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट विकायचा. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, लोक स्वस्त तेच मागत, आणि याची चांदी. मी सांगून थकले, "भाऊ, तुमच्या दाट विणीच्या स्टीलनं चित्रात काळा डाग पडते. आत रक्त वाहून राहिलं की नाही, काहीच दिसत नाही. दुसऱ्या धातूचे, मोकळ्या विणीचे येतात, ते ठेवा ना."

"फोटोचं काय घेऊन बसल्या ताई? लग्नाचा आहे का तो?"

बार्शीटाकळीचे रहीमचाचा शिंपी होते. पोटाखालच्या धमनीत याचाच स्टेंट. पाय गार पडायला लागला म्हणून मुलगी शबाना त्यांना घेऊन आली. किडन्या कमजोर, त्यामुळे रक्तवाहिन्या दाखवणारं रंगाचं औषध टोचता येईना. सोनोग्राफीतही धड दिसेना. सगळी भिस्त आमच्या चित्रावर, आणि चित्रात नेमका तेवढाच तुकडा काळाकुट्ट.

"पाय वाचंल ना, बेटा? शिलाईची मशीन पायानंच चालते माही."

स्टेंट उघडा की बंद हे ठरेपर्यंत पाय काळा पडला. गुडघ्यावरून कापावा लागला.

याला सांगितलं. "अरेरे," म्हणाला आणि चहा मागवला.

पुढे याच्याच वडिलांना त्याच जागी स्टेंट बसला. तपासणीला आमच्याकडेच आणलं. धमनी आरपार स्वच्छ दिसली. फिल्म उजेडाकडे धरून स्वारी खूश.

"दिसून राहिलं ना ताई सगळं?"

"दिसते. हा तुमचा माल नाही."

"नाही. दुसऱ्या कंपनीचा मागवला, मुंबईहून."

"काहून?"

"बाप आहे ना माझा."

मेल्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर शबाना बसली होती, चाचांच्या नकली पायासाठी जुना रिपोर्ट न्यायला. ती आत आली, फिल्मकडे बघत राहिली. यानं फिल्म पाकिटात घातली, काखेत मारली आणि निघाला. तो पुन्हा कधी आमच्या दाराशी फिरकला नाही. नागपूरला मोठा साहेब झाला म्हणे.

"ताई," शबानानं विचारलं, "अब्बाच्या टायमाले असा स्टेंट भेटत होता का?"

मी हो म्हणाले.