तंग कपडे आणि तीन वाजताचा चहा

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये मी दोन हंगाम काम केलं, तिथल्या मिस्त्रीची लुंगी मशीनने ओढून नेली आणि त्या दिवसापासून आमच्याकडे कायदा आला. त्याआधी कायदा नव्हता असं नाही. होता, पण तो आम्हालाही माहीत नव्हता आणि शेठजींनाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी बारावी पास झाले होते, डी.एड.ला नंबर लागला नव्हता, आणि आई दिवसातून चारदा माझ्याकडे बघून उसासा टाकत होती. त्या उसाशांना कंटाळून मी गावातल्या बायांसोबत सायकलने मिलमध्ये जायला लागले. मिलमध्ये बाईमजुराला रेजा म्हणत. आम्ही तेवीस रेजा होतो. वाफवलेलं धान सिमेंटच्या पटांगणावर पसरायचं, ऊन लागलं की पायांनी रेघा ओढत उलटवायचं, वाळलं की गोळा करायचं. दिवसभर उभं काम. पण तेवीस जणी एकत्र असल्या की हसायला कारण लागत नाही, आणि आम्हाला तर मिस्त्रीकाका होते.

मिस्त्रीकाका मिलच्या मशिनरीचे सर्वेसर्वा. अंगाने भरपूर, कमरेला कायम एक चौकड्यांची लुंगी. मिलच्या आतल्या भिंतीलगत गुडघ्याच्या उंचीवर एक लांबलचक लोखंडी शाफ्ट फिरायचा, त्याच्यावर पुल्या आणि पट्टे. झाकण कशालाच नाही. काका हातात तेलाची बुधली घेऊन चालू शाफ्ट असा ओलांडायचे, जसं कुणी अंगणातली नाली ओलांडतं.

त्या दुपारी मी सुतळी आणायला आत गेले होते. काकांनी एक पाय पलीकडे टाकला आणि लुंगीचं टोक शाफ्टला लागलं. पुढचं एवढं भराभर झालं की मला फक्त आवाज आठवतो, जाड कापड टरटर फाटत गेल्याचा. काकांनी लाकडी खांबाला मिठी मारली. एका हमालाने धावत जाऊन मोटर बंद केली. शाफ्ट थांबला तेव्हा लुंगी त्याच्यावर दोरखंडासारखी गुंडाळलेली होती आणि काका खांबाला धरून अर्ध्या चड्डीवर उभे होते. खरचटणंसुद्धा नाही. लुंगी जुनी, विरलेली होती म्हणून फाटली. नवी असती तर मी आज हे हसत सांगितलं नसतं.

आम्ही त्यांना रिकाम्या पोत्यात गुंडाळून बसवलं आणि पाणी दिलं. तोवर बातमी बाजारात पोचली होती, आणि वाटेत वाढत गेली होती. काकू धावत आल्या त्या काकांचा पाय गेला असं ऐकून. पोत्याखालून दोन्ही पाय बाहेर दिसल्यावर त्या आधी रडल्या, मग पदराने काकांना झोडपायला लागल्या. "मले वाटलं मी रांडावली, अन् तू पाणी पिऊन राहिला?" काका म्हणाले, "मग काय करू, तहान लागली ना." आधी काकू हसल्या, मग आम्ही सगळ्या.

शेठजी मात्र पांढरेफटक पडले होते. तसे ते वाईट नव्हते. मिल वडिलांकडून आलेली, आणि वडिलांच्या वेळी शाफ्ट उघडा होता म्हणून यांच्याही वेळी उघडा. मुनीमजी त्यांना म्हणाले, "शेठजी, बाजारभर बोंब झाली. नागपूरचे फॅक्टरी तपासणारे साहेब येतीनच. कमीत कमी कायद्याचा बोर्ड तरी लावा भिंतीले."

"कोणता बोर्ड?"

कारखान्यांच्या कायद्याचा गोषवारा कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा लागतो, असं मुनीमजींना कुठून तरी माहीत होतं. बोर्ड सापडेना. शेवटी तो आम्हीच शोधून दिला. पाण्याच्या ड्रमवर आम्ही रोज जे फळकूट उचलून पाणी काढायचो, तेच उलटं केलं तर आतून अक्षरं निघाली. कैक वर्षं कायदा पालथा पडून आमचं पाणी झाकत होता.

"तू बारावी झाली ना, बाई?" शेठजी मला म्हणाले. "वाच. काय काय करा लागते ते समजू दे एकदाचं."

असं ते वाचन सुरू झालं. शेठजी खुर्चीवर, मुनीमजी वही घेऊन, काका पोत्यात, आणि आम्ही बाया दाराशी दाटून उभ्या. पहिल्याच ओळीत अडलं. कामगारांचं आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांची खात्री करणं हे भोगवटादाराचं कर्तव्य आहे, असं लिहिलं होतं.

"भोगवटादार म्हंजे कोन?" आमच्यातली थोरली बाई म्हणाली. तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं आणि तिला कोणाचीच भीती नव्हती.

"शेठजी," मुनीमजी म्हणाले.

"मंग भोग आमच्या वाट्याले काहून?"

आम्ही पदर तोंडात कोंबले. शेठजींनी हाताने पुढे वाच म्हणून खूण केली. मी वाचत गेले. पिण्याच्या पाण्यावर 'पिण्याचे पाणी' असं लिहावं. उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून बसायची सोय असावी. थुंकण्यासाठी पुरेशा थुंकदाण्या ठेवाव्यात. शेठजींच्या गालात तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्यांनी तो हळूच दुसऱ्या गालात नेला आणि वाचन संपेपर्यंत थुंकले नाहीत. मशीनचे फिरते भाग मजबूत आवरणाने झाकावेत. चालू मशीनला तेल घालायचं काम फक्त तरबेज पुरुष कामगाराने करावं, त्याचं नाव रजिस्टरात असावं, आणि त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, जे भोगवटादाराने पुरवावेत.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी पोतं वर ओढलं.

"घट्ट म्हंजे किती घट्ट?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलं नाही."

इथवर मी अक्षरनअक्षर खरं वाचलं. पण बोर्डाचा खालचा कोपरा ओलीने खाल्ला होता, तिथे नुसता निळसर डाग. थोरली बाई मागून माझ्या कानात कुजबुजली, "चहाचं काही हाय का त्यात?" हसून हसून माझं डोकं आधीच हलकं झालं होतं, आणि जीभ माझी राहिली नाही. मी डागावर बोट ठेवून वाचलं, "कामगारांना दुपारी तीन वाजता चहा द्यावा."

शेठजी पुढे वाकले. "चहा?"

"हो."

"दुधाचा?"

"तेवढं पुसलं आहे, शेठजी."

त्यांनी विचार केला आणि मुनीमजींना म्हणाले, "दुधाचाच लिहा. उगीच रिस्क कायले घ्या."

पुढचे तीन आठवडे मिलमध्ये लग्नघरासारखे गेले. ड्रमला नवं झाकण आलं, त्याच्यावर मी लाल रंगाने 'पिण्याचे पाणी' लिहिलं. दोन बाकं आली, आणि आम्ही काम नसतानाही त्यांच्यावर बसून बघितलं. चुना भरलेल्या थुंकदाण्या आल्या, त्यात पहिल्यांदा थुंकायला कोणी धजेना. शाफ्टसमोर शेठजींनी बांबूचा तट्टा बांधून घेतला. तीन वाजता टपरीवरून किटली यायची, आणि थोरली बाई कपात बघत गंभीरपणे म्हणायची, "कायदा चांगला उकळला आज."

काकांच्या कपड्यांचं माप घ्यायला टेलर मिलमध्ये आला. त्याला 'घट्ट' एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने ते फार मनावर घेतलं. खाकी पँट-शर्ट आला, तो काकांना दोन हमालांनी मिळून घातला. काका तेलाची बुधली घेऊन बाहेर आले तेव्हा ते वाकू शकत नव्हते, बसू शकत नव्हते, आणि वळायचं तर अख्खेच वळत होते. पटांगणावर धान उलटवणाऱ्या तेवीस जणी जिथे होत्या तिथे खाली बसल्या.

"हसून घ्या," काका म्हणाले. "कायद्याचे हायेत."

मग एका सकाळी नागपूरहून साहेब आले, आणि ते साहेब नव्हतेच. बारीक अंगाची, चष्मा लावलेली, हातात मोजपट्टी घेतलेली एक बाई जीपमधून उतरली. शेठजी तिच्यामागून साहेब उतरायची वाट बघत राहिले. आम्हाला मात्र तिला बघूनच चेव आला.

इन्स्पेक्टर मॅडम सरळ शाफ्टकडे गेल्या. त्यांनी बांबूच्या तट्ट्याला एका बोटाने ढकललं. तो सावकाश आडवा झाला.

"हे काय आहे?"

"संरक्षण, मॅडम," शेठजी म्हणाले.

"कोणाचं?"

शेठजींनी पडलेला तट्टा उचलून परत उभा केला. मॅडम आवाज न चढवता बोलल्या. "यांची लुंगी फाटली म्हणून तुम्ही आज इथे माझ्यासमोर उभे आहात. फाटली नसती तर कोर्टात उभे असता. जपून चालणं त्यांचं काम आहे. मशीन झाकणं तुमचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. लोखंडी जाळी बोल्टने बसेपर्यंत हा शाफ्ट फिरणार नाही."

शेठजी दुखावले गेले. त्यांनी एकेक बोट दुमडत सांगायला सुरुवात केली. पाणी केलं, बाकं केली, थुंकदाण्या केल्या, कपडे शिवले. "अन् मॅडम, चहासुद्धा. रोज, तीन वाजता, कलमाप्रमाणे."

"कोणता चहा?"

मी थोरल्या बाईच्या मागे सरकले. शेठजी त्यांना बोर्डापाशी घेऊन गेले आणि डागावर बोट ठेवलं. मॅडम वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"इथे काही दिसत नाही."

"या बाईनं वाचून दाखवलं."

सगळे माझ्याकडे वळले. काकासुद्धा, अख्खे. मला वाटलं म्हणावं, तेव्हा दिसत होतं, आता पुसलं. पण त्या बाईसमोर खोटं बोलायची लाज वाटली. "मीच जोडलं, मॅडम," मी म्हणाले. "तिथे काही नव्हतं."

मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्या वळल्या, तोंड पुसलं आणि वहीत लिहायला लागल्या. "चहाबद्दल मी काही लिहीत नाही," एवढंच म्हणाल्या. नवा बोर्ड पाठवते, असं सांगून त्या गेल्या.

संध्याकाळी घरी मी हे सगळं रंगवून सांगितलं. आई हसली. बाबा हसले नाहीत. बाबा रेल्वेत गँगमन, तुमसर रोडला. रुळाची पाहणी, लाल झेंडी, हिरवी झेंडी, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "आमच्या नियमाच्या पुस्तकात एक ओळ कोणी मनानं वाचली, तर गाडी रुळावरून घसरते," ते म्हणाले. "तुले वाचता येते म्हणून त्या माणसानं भरोसा ठेवला. आपल्यात ज्याले वाचता येत नव्हतं, त्याले आजवर लोकांनी मनचंच वाचून दाखवलं. आपण तसं करायचं नाही. उद्या माफी माग."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. सकाळी जाऊन मी शेठजींची माफी मागितली. त्यांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "नोकरीवरून काढत नाही. पण चहा बंद."

जाळी वरठीकडच्या एका वेल्डरने चार दिवसांत बनवून दिली. तिला धरून आम्ही सगळ्यांनी हलवून बघितलं, हमाल तर लोंबकळले. मिल सुरू करायच्या दिवशी शाफ्टला तेल घालायचं होतं, आणि काका लुंगीत आले.

"कपडे कुठी हायेत?" शेठजींनी विचारलं.

"घरी. ते घातले की पोट दबते, शेठजी. तीन वाजेस्तोवर जीव घाबरा होते. तेव्हा चहा भेटे, त्यानं बरं वाटे. आता चहा नाही, तर माझ्यानं होणार नाही."

"तुमचं नाव रजिस्टरात हाय."

"हाय ना. दुसऱ्याचं लिहा."

दुसरा तरबेज माणूस तुमसरभर नव्हता, हे शेठजींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर याले शिकवलं नाही ना?"

"नाही, शेठजी," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

त्या दिवशी तीन वाजता किटली आली. टेलरने कपडे दोन बोटं सैल करून दिले. किती घट्ट ते लिहिलेलं नाही, हा मुनीमजींनी काढलेला मुद्दा सगळ्यांना पटला.

नवा बोर्ड आला तो स्वच्छ, मोठ्या अक्षरांचा. चहाच्या वेळेला तो वाचायचं काम माझंच ठरलं. यावेळी मी अक्षर सोडलं नाही आणि अक्षर जोडलं नाही. मधे एक कलम आलं, जुन्या बोर्डावर ते डागाखाली गेलं असावं: तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे त्यांच्या लहान मुलांसाठी वेगळी खोली आणि सांभाळायला बाई ठेवावी.

थोरल्या बाईने कप खाली ठेवला. तिची नात तिथेच पोत्यांच्या थप्पीला टेकून झोपली होती.

"हे खरं लिहिलं हाय, का तुझ्या मनचं?"

मी सरकून बोर्ड तिच्यासमोर केला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"आपण तेवीस. आठ जणी कमी पडतात," एक जण म्हणाली.

"माझी नणंद येते."

"माझ्या दोघी जावा घरीच हायेत."

"नाकाडोंगरीच्या माझ्या मावसबहिणीले बोलावतो मी. ते एकटी येत नाही, चार जणी घेऊन येते."

शेठजी दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मुनीमजींकडे बघितलं, मुनीमजींनी बोर्डाकडे बघितलं, आणि दोघंही आत गेले. हंगाम भरात होता, नव्या हातांना नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या सोमवारी आम्ही सायकलींवरून आलो तेव्हा सत्तावीस होतो, आणि मागून आणखी एक जण, लेकराला पाठीशी बांधून, पायी येत होती.