कातडीला ‘पुरे’ म्हणायला शिकवताना

आमच्या लॅबमधले किस्से लिहीत बसलं तर संशोधन बाजूला राहील! पण दिवसभर कातडीच्या पेशींशी हुज्जत घालणाऱ्या माणसांकडे ते साठतातच. चहाला कुणी भेटलं की मला राहवत नाही.

जखम भरली की पेशींनी थांबायला हवं. काहींच्या थांबतच नाहीत. नुसता कान टोचला तरी बोराएवढी गाठ येते. तिला केलॉइड म्हणतात. डीएनएवर बसून कुठले जीन चालू ठेवायचे ते ठरवणारं एक प्रोटीन यामागे आहे, असं आमचं म्हणणं.

आमच्या सुलभा मॅडम नारायणगुड्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादी. पाहुण्यांना सांगतात, "हे प्रोटीन म्हणजे पंगतीत आग्रह करणारे काका. पान भरलं तरी वाढतातच!"

एकानं विचारलं, "मग काकांना हाकलायचं?"

"नक्को! जखम भरायला काका लागतात. वेळेवर हातातली पळी तेवढी काढून घ्यायची!"

*

मी एकदा पोळ्या करताना मनगट भाजून घेतलं. लॅबमध्ये दाखवलं तर मॅडम कळवळल्या, "अगं अगं!" आणि पुढच्याच श्वासात, "फोटो काढलास ना? शेजारी पट्टी ठेवून?"

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात सांडशीशेजारी मोजपट्टी टांगलेली असते. नवऱ्यानं कारण विचारणं सोडून दिलंय.

*

श्रीलता आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पेशींना रविवारीही खाणं घालावं लागतं. त्यापायी तिनं मामेबहिणीचा साखरपुडा बुडवला. दुपारी आईचा फोन आला, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलीस का?

"अम्मा, आधी यांना घालते, मग मी."

अम्मा तेलुगूत कडाडली, "मग यांचीच लग्नं लाव आता!"

*

हिमायतनगरच्या एका लग्नात, बिर्याणीच्या रांगेत, मॅडमना पुढच्या बाईंच्या कानावर गाठ दिसली. राहवतंय कुठलं! "आपा, तुमचा कान जरा बघू?"

या रझिया आपा. बेगम बाजारात त्यांचं मसाल्याचं दुकान. गाठ पूर्वी काढलेली, पुन्हा आलेली. पण त्यांचा घोर वेगळाच होता. "अम्मी को थी, मेरेकु है, अब बेटी को भी निकली. आगे भी चलेगा क्या ये?"

मॅडमची प्लेट तशीच राहिली. पुढे हॉस्पिटलात रीतसर ऑपरेशन झालं, सह्या झाल्या आणि गाठीचा तुकडा आमच्याकडे आला. आपा सर्जनला म्हणाल्या, "सँभाल के ले जाओ, खानदानी चीज है!"

*

श्रीलतानं आपांच्या पेशींमधलं ते प्रोटीन बंद केलं. पेशी शहाण्यासारख्या थांबल्या. आम्ही नाचायचं तेवढं बाकी होतं!

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर."

पुन्हा थांबल्या. "पुन्हा कर."

श्रीलता रडकुंडीला आली, "मॅडम, आता पेशीसुद्धा कंटाळल्या!"

"हौ, पण शंका काढणारे कुठे कंटाळलेत?"

पुन्हा केलं. पुन्हा थांबल्या. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं इराणी चहा ओतून दिला. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता.

*

परवा आपा तपासणीला आल्या आणि "मेरा माल दिखाओ" म्हणत थेट लॅबमध्ये. श्रीलतानं मायक्रोस्कोप लावून दिला. आपा बराच वेळ बघत राहिल्या.

"कितने शरीफ हो गए! मतलब दवा बन गई?"

श्रीलतानं माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "नाही, आपा. ये अभी प्लेट में है. माणसापर्यंत यायला वर्षं लागतात."

आपांनी शांतपणे ओढणी सारखी केली. "मेरेकु जल्दी नक्को, डॉक्टरसाब. बेटी पेट से है. लड़की हुई तो उसके कान छिदने तक बना लो, बस."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं,

"डिलिव्हरी कधीची आहे?"