मृत्युपत्रावरचा अंगठा

इतकी वर्षे लोटली, तरी त्या वकिलांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली होती. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका ठाण्यात मी फौजदार होतो. हे वकील फौजदारी खटले घेत नसत. मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणाऱ्या नव्या कराचे कागद, एवढेच त्यांचे काम. तळा गावाहून लोक येत, आगरदांड्याहून होडीने येत. त्यांच्या हातच्या कागदावरून भावाभावांत कज्जा झाल्याचे कोणी ऐकले नव्हते.

एके सकाळी मुंबईत नोकरी करणारा एक तरुण ठाण्यात आला. त्याचे वडील नुकतेच वारले होते. स्वकष्टाची नारळी-पोफळीची वाडी त्यांनी थोरल्या मुलाच्या विधवेला, म्हणजे याच्या वहिनीला, लिहून दिली होती.

"साहेब, माझे वडील सही करायचे. मग मृत्युपत्रावर अंगठा कसा? वकिलानं ते गेल्यावर उठवलाय."

म्हाताऱ्याच्या जुन्या सह्या मी मिळवल्या. अक्षर चांगले ठसठशीत होते. साक्षीदारांपैकी एक वकिलांचाच कारकून, दुसरा मध्यंतरी वारलेला. मॅजिस्ट्रेटसाहेबांकडून मी वॉरंट घेतले.

"साहेब, टांग्यातून आणू या का?" हवालदाराने विचारले.

"चालत आणा. लोकांना दिसू दे."

बाजारपेठेतून बेड्या घालून त्यांना आणले. दुकानदार फळीवरून उठून बघत होते.

तीन दिवस मी तोच प्रश्न विचारत राहिलो. "त्यांना सही येत होती ना? मग अंगठा का?"

"कारण त्यांनी मला विश्वासानं सांगितलंय. मी सांगणार नाही."

"तुरुंगात जाल."

"जाईन. अंगठा त्यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत दिला, एवढं लिहून घ्या."

त्यांचे गप्प बसणे मला कबुलीसारखेच वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी ती विधवा सून आली. दार लोटायला लावून खालच्या आवाजात म्हणाली, "मामंजींना महारोग झाला व्हता. बोटांना काय कळत न्हवतं. चुलीवरचं भांडं उचललं तरी चटका समजायचा न्हाय. लेखणी कशी धरणार? माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायेत, साहेब. बाहेर कळलं तर कोण करील त्यांना? म्हणून मामंजींनी वकीलसाहेबांकडून वचन घेतलं व्हतं."

"मग आज का सांगताय?"

"माझ्या पोरींपायी त्यो मानूस कोठडीत बसलाय."

साध्या कपड्यांत मी पनवेलला म्हाताऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी केसपेपर दाखवले. सारे खरे होते.

कोठडीत जाऊन वकिलांना सांगितले, तसे ते झटकन उठले आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, हे फायलीत येऊ देऊ नका."

"मग तुमचं नाव कसं साफ होणार?"

"मुलींची लग्नं होऊ देत."

तक्रार खोटी ठरवायची तर अहवालात कारण द्यावे लागले असते. वरिष्ठांना भेटून तोंडी समजावणे शक्य होते, पण मग माझी घाईही उघडी पडली असती. मी 'पुराव्याअभावी' असे लिहून प्रकरण बंद केले. तक्रारदार मुलाने पुढे दावा लावला नाही. वहिनीने त्याला काय सांगितले, ते मी विचारले नाही.

गाव म्हणाले, पुरावा सापडला नाही एवढेच. अशिलांनी वकिलांचा जिना चढणे सोडले. दोन्ही मुलींची लग्ने झाली. चर्चा नको म्हणून वकील मांडवात गेले नाहीत. दोन वर्षांत त्यांनी कचेरी बंद केली.

गप्प माणूस काहीतरी दडवत असतो, हे मला नोकरीने शिकवले होते. तो ते कोणासाठी दडवतो, हे विचारायला या प्रकरणाने शिकवले, पण फार उशिरा.

वकील गाव सोडून निघाले, त्या दिवशी मी धक्क्यावर बंदोबस्ताला होतो. लाँचला गर्दी होती. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. सगळे आमच्याकडे बघत होते. त्या गर्दीत, गणवेशात, मी त्यांना सलाम करायला हवा होता. मी नुसती मान हलवली.