जाऊबाईंचे ओले दिवस

कावळा शिवला की श्रीगोंद्याच्या आमच्या घरात बायकांनी पडवीत बसायचं. गोठ्याला लागून अरुंद जागा, एक घोंगडी, एक तांब्या. चौथ्या दिवशी न्हायचं, पाचव्या दिवशी घरात यायचं. आताच्या मुली म्हणतात, काय हाल ते! मला विचाराल तर तेवढीच विसावा घ्यायची संधी. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायचं नाही, ओल्या लाकडांनी डोळे चुरचुरायचे. त्या चुलीपासून सुटका म्हणजे माहेरपणच की! थोरल्या जाऊबाई आणि मी बहुतेक बरोबरच बसायचो. मग स्वयंपाक सासूबाईंच्या गळ्यात. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू यायची, "ठरवून बसता की काय गं दोघी?" आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

त्या आश्विनात मात्र जाऊबाई हसेनात. लग्नाला सहा-सात वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं, आणि दिवाळी झाली की थोरल्या दिरांसाठी दुसरी मुलगी बघायला जायचं सासूबाईंनी पक्कं केलं होतं. सवत येणार होती.

"माझ्याच अंगात खोड असणार," त्या म्हणाल्या. "मध्येच कधीतरी मला धुपणी लागते. ओलं ओलं वाटतं, भेंडीसारखी तार सुटते. दोन-तीन दिवसांनी आपोआप जाते."

मी ताडकन उठून बसले. माझं माहेर खर्ड्याकडचं, दावणीला गुरं भरपूर. गाय माजावर आली की तिच्या मागे अशीच स्वच्छ तार लोंबते. ती दिसली की माझे वडील गड्याला म्हणायचे, आजच वळू दाखव, परवा उपयोग नाही.

"अहो, ती धुपणी नव्हे! गाईला येतं तेच आहे ते."

"मेले, मला गाय म्हणतेस?"

"गाय परवडली. तिची वेळ निदान कोणी बघतं तरी! मला सांगा, हे ओलं लागतं केव्हा?"

जाऊबाईंनी आठवून आठवून सांगितलं, "हे गावाला गेले की."

कपाळ माझं! दीर भिक्षुकी करायचे. न्हाणं झालं की तेच दिवस फळाचे, असा सासूबाईंचा समज. म्हणून त्या दिवसांत मुलाला त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. मग दीर यजमानांच्या गावांना जे निघायचे ते पंधरवड्याने परत, तोवर जाऊबाई पुन्हा पडवीत यायच्या बेतात. एवढी खबरदारी, आणि नेमकी नको तेव्हा!

"मग भावजींना सांगा ना, थोडं थांबा म्हणून."

"काय तोंडाने सांगू? ते आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्यांनी कारण विचारलं तर गाईचं नाव घेऊ?"

तेही खरंच. न्हाऊन आम्ही घरात आलो, पण जाऊबाई आता रोज लक्ष ठेवू लागल्या. एका सकाळी विहिरीवर त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "लागलं बघ." आणि घरात येऊन बघतो तर दीर पडशी खांद्यावर टाकून निघालेले!

मला दुसरं काही सुचेना. सासऱ्यांच्या डबीतली चिमूटभर तपकीर नाकात ओढली आणि दीर उंबऱ्यात असताना अशी सणसणीत शिंकले की गोठ्यातली गाय बिथरली. एकच हं! दुसरी आली की शकुन फिरतो, म्हणून नाक गच्च दाबून धरलं. दीर मागे फिरले, पाणी प्यायले, पडशी खुंटीला अडकवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सासूबाई संतापल्या, "या बयेला आत्ताच पडसं व्हायचं होतं!" पण मुलाला म्हणाल्या, "राहू दे रे, दोन दिवसांनी जा." मग माझं पडसं बरं झालं.

पुढच्या पाळीला मी एकटीच पडवीत बसले. कोणी काही बोलेना. बोललं तर दृष्ट लागेल, अशी मलाही भीती. दिवाळी झाली, मुलगी बघायला जाणं आज-उद्या करत लांबलं. मार्गशीर्षात पुन्हा मी एकटीच बसले आणि मला धीर आला. हुश्श!

त्या दुपारी जाऊबाई माझं जेवण घेऊन आल्या. रीतीप्रमाणे पान लांबून ठेवलं, पण गेल्या नाहीत.

"मुलीकडच्यांना नाही म्हणून कळवलं," एवढंच म्हणाल्या आणि घळाघळा रडायला लागल्या.

मलाही रडू फुटलं. त्यांना जवळ घ्यावंसं फार वाटत होतं, पण मी बाहेरची, शिवणार कशी? हात मांडीखाली दाबून बसले. तर जाऊबाईच पुढे आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी मला कवटाळलं.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, अगं! शिवलीस ना तिला?"

"शिवले," जाऊबाई म्हणाल्या. "करीन आंघोळ." आणि मला सोडलंच नाही.