थर्माकोलवरचे खड्डे

हे मी कुणाला बोलले नाहीये. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण उगाच मान डोलवून "होतं गं असं" म्हणू नका. होत नाही असं. करावं लागतं.

आधी खेळाचं सांगते. टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि परग्रहावर लढाया करायच्या. दर रविवारी दादरला एका हॉलमध्ये आमचा ग्रुप जमतो. या सैनिकांना उभं राहायला जमीन लागते, डोंगर लागतात, पडके तळ लागतात. विकत घ्यायला गेलं तर डोळे पांढरे होतात. म्हणून ते मी घरी बनवते. लालबागची आहे मी, आमच्या घरात वर्षानुवर्षं गणपतीची मखरं बनायची. थर्माकोलवर बंदी आली, मखरं थांबली, उरलेल्या शीट माळ्यावर पडून होत्या. त्याच मी काढल्या.

आता मेघा. माझ्या धाकट्या भावाची बायको, कुडाळची. तिला हे सगळं भारी आवडायचं. गॅलरीत माझ्याशेजारी बसून बाटल्यांची झाकणं आणि स्ट्रॉ चिकटवून तिने एक अख्खं इंधनकेंद्र उभं केलं होतं. "ताई, मी आणखी काय करू?" हे तर सारखंच. लग्न होऊन या दोन खोल्यांत आलेल्या मुलीचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं इथे? कपाटातला एक कप्पा. आणि हे.

एका शनिवारी मी ऑफिसात असताना तिने मोठ्या शीटवर स्प्रे मारला. थेट. आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल, थर्माकोलला आधी फेविकॉलचा हात द्यायचा, मग स्प्रे. नाहीतर स्प्रे थर्माकोल खातो. पण तिच्या माहेरी गणपतीवर माटवी बांधतात, रानातल्या फळापानांची. मखर तिने बनवलंच कुठे होतं? मी घरी आले तर शीटभर खड्डे. आणि माझी सटकली.

काय नाही बोलले मी तिला? अक्कल गहाण टाकलीस का, थेट गावाकडून उचलून आणलीय, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही — सगळी गॅलरी ऐकत होती. आम्हीही मूळचे तिकडचेच की! पण तीन पिढ्या लालबागेत काढल्या ना, तोरा केवढा. ती एवढंच म्हणाली, "माका म्हायत नव्हता." एरवी माझ्याशी ती मालवणी बोलायची नाही.

मग ती भाजी आणायला गेली. मी ती शीट फेकायला उचलली आणि — काय सांगू — खड्ड्यांच्या कडा अशा झिजल्या होत्या, तळ असे खडबडीत झाले होते, की सुरीने कोरून जन्मात जमलं नसतं. चंद्रच होता तो. मी त्यावर गडद राखाडी रंग दिला, कोरड्या ब्रशने कडांना पांढरा लावला. माझं काम एवढंच. तिला काही बोलले नाही. बोलायला तोंड होतं का?

रविवारी ती माझ्याबरोबर दादरला आली, कारण एवढी मोठी शीट न मोडता एकटीला नेता येत नव्हती. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. कुणीतरी विचारलं, हे खड्डे कसे पाडले? मेघा हातभर अंतरावर उभी होती. आणि मी म्हणाले, "खूप प्रयोग केले. कितीतरी शीट वाया घालवल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शीट गुंडाळून आणलेली चादर उचलली आणि नीट घडी घालत राहिली.

त्यानंतर ती गॅलरीत बसायला आली नाही. घरात मी सांगितलं, तिचा उत्साह संपला. म्हणजे दुसरं खोटं. मला लोक शिकवायला बोलवू लागले. "खड्डे पाडायची ताईंची पद्धत" म्हणतात! मी हसून मान हलवते. संताप येतो माझाच, तरी हलवते.

आणि परवा ठाण्यातल्या कुणा पोराने व्हिडिओ टाकला. तेच खड्डे, तसाच थेट स्प्रे, आणि वर "माझा शोध". माझं डोकं फिरलं. मी लांबलचक पोस्ट लिहिली — चोरी, दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला, लाज कशी वाटत नाही. लिहिता लिहिता मोठ्याने बोलतही होते. भाऊ टीव्ही बघत होता, मेघा भाकऱ्या थापत होती. तिने मागे न बघता म्हटलं,

"जाऊ दे ताई. त्याच्या पण घरात कुणीतरी असेल."

मला कळलं. लगेच कळलं. त्या क्षणी फक्त "हो" म्हणायचं होतं, भावासमोर. तेवढंच.

मी म्हणाले, "तुला काय कळतं गं यातलं?"

तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. मी पोस्ट पाठवली.